गर्भारपण, रक्तातील साखर आणि मजुरीचा दिवस

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, साखरेचा जिल्हा आहे. 1950 साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला आणि पुढे गावोगाव धुराडी उभी राहिली. त्या साखरेचा हिशेब पोत्यांनी होतो. आज मी ज्या साखरेचा इतिहास सांगणार आहे ती मिलिग्रॅमने मोजतात. ही मोजणी कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या आली नाही, हा त्या इतिहासातला खरा प्रश्न होय.

मधुमेह आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होता. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी पाहिले होते. 1776 साली इंग्लंडात मॅथ्यू डॉब्सन याने लघवी आटवून गोड गाळ मिळवला आणि रक्तही गोड असते हे नोंदले. गर्भारपणातच उद्भवणारा मधुमेह मात्र 1824 साली बर्लिनमध्ये बेनेविट्झ याने प्रथम लिहून ठेवला. त्याच्या रुग्ण स्त्रीची तहान भागत नसे. तिचे मूल बारा पौंडांचे भरले, पण ते मेलेलेच जन्मले. बाळंतपणानंतर तिच्या लघवीतील साखर नाहीशी झाली.

असे का घडते? गर्भ वाढू लागला की वारेतून निघणारे रस आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात. ज्या आईचे शरीर ही तूट भरून काढू शकत नाही, तिच्या रक्तात साखर साचते. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्शुलिन वाढवते आणि वाजवीपेक्षा जास्त पोसते. नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, इन्शुलिन मात्र शिल्लक राहते. म्हणून अंगाने भरलेले बाळही जन्मानंतर एकाएकी संकटात येऊ शकते.

1922 साली टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. औषध हाती आले, पण ते किती द्यावे हे मोजल्याशिवाय कसे ठरणार? पुष्कळ वर्षे बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब उकळून रंग पाहत. हिरव्यापासून विटकरीपर्यंत जसा रंग चढेल तशी साखर जास्त. परंतु गर्भारपणात मूत्रपिंडे एरवीपेक्षा लवकर साखर सोडतात, म्हणून लघवीची साक्ष फसवी ठरे. रक्तच तपासावे लागे. 1964 साली बोस्टनच्या ओ'सलिव्हन आणि महान यांनी 752 गर्भवतींच्या तपासणीवरून रक्तातील साखरेची मर्यादा आखली. तीही आईला पुढे मधुमेह होईल काय, हे ओळखण्यासाठी. बाळाच्या धोक्याची मोठी मोजणी नऊ देशांतल्या एका अभ्यासाने केली आणि ती 2008 साली प्रसिद्ध झाली.

आता आपल्या देशाकडे वळू. उपाशी पोटी यावे, अनेकदा रक्त द्यावे, पुन्हा बोलावले की पुन्हा यावे, ही रीत लांबून येणाऱ्या बाईला परवडत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ध्यानी घेऊन सोपी पद्धत मांडली: जेवण झालेले असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यावे आणि दोन तासांनी रक्त तपासावे. आकडा 140 किंवा अधिक आला तर उपचार सुरू करावेत. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शिकेनुसार ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान व्हावी. यात काही रुग्ण निसटतात असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पण जी तपासणी होतच नाही, तिच्यातून सगळेच निसटतात.

कामगार चळवळीतल्या माणसाला येथे एक गोष्ट दिसते. औषधशास्त्राने उपासाची अट काढली, पण दोन तास थांबण्याची अट राहिलीच. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. सूप बाजूला ठेवले की कमाई थांबली. उसाच्या फडात कोयता घेऊन राबणाऱ्या बाईला खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. साखर वाढलेली निघाली, तर पुढे जेवणानंतरची तपासणी वारंवार करावी लागते. तो आकडा 120 च्या आत राखायचा असतो, आणि त्यासाठी पथ्य हवे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. एवढे खाडे तिने कोणाच्या जिवावर करावेत?

उपाय अशक्य नाही. 1970 पासून जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर, अशा खेड्यातल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले आणि त्यांनी गर्भवतींची काळजी घरापर्यंत नेली. आज बोटाच्या एका थेंबावर साखर सांगणारे यंत्र तळहातावर मावते. ते विडीच्या कारखान्यात आणि उसतोडीच्या अड्ड्यावर पोहोचले पाहिजे, आणि त्या दोन तासांची मजुरी मालकाने भरली पाहिजे. बाळंतपणाच्या रजेचा कायदाही पूर्वी अशक्य म्हणूनच हिणवला जात होता; 1929 साली तो मुंबई इलाख्यात झाला. दोन तासांची मागणी तर त्याहून पुष्कळ लहान आहे.