गोरवांचो पाडवो

मुलांची दिवाळीची सुट्टी म्हणजे आमच्यासाठी सत्तरीतला गाव. सामान, दोन मुले आणि मोती कुत्रा गाडीत कोंबून आम्ही पणजीहून निघतो. पहाटे कारीट फोडायचे, मग फोव खायचे. डोंगराच्या पायथ्याला तेव्हा थंडी नुकती कुठे बोचू लागलेली असते आणि मोती चुलीजवळून हलत नाही. माझा आवडता दिवस मात्र पाडव्याचा. आमच्याकडे तो माणसांचा नव्हे, गोरवांचा.

लहानपणी आमच्या गोठ्यात आठ-दहा गुरे होती. पाडव्याला काका त्यांना ओहळावर धुऊन आणीत. आजी शेणाचा छोटासा गोठा करी आणि त्यात कारीटाला काड्यांचे पाय लावलेली गुरे उभी राहत. मग खऱ्या गुरांची पूजा. गळ्यात झेंडूची माळ आणि तिच्यातच ओवलेले पोळे. गुरे सोडली की आम्ही पोरे ते पोळे हिसकावायला मागे धावत असू. घरात तसलेच पोळे ताटभर असत, पण त्यांना ती चव नसे! राखणे पोरे धेंडलो घेऊन येत. लाकडाचे सजवलेले मखर, आत कृष्ण, आणि घरोघर गाणी. त्यांना फोव, नारळ, पैसे मिळत.

हा दिवस जुना आहे. बळीराजा वर्षातून एकदा पाताळातून सुटतो आणि तो दिवस दिवाळीचा, असे अल्-बिरूनीने १०३०च्या सुमारास लिहून ठेवले आहे. गोवर्धनाची कथा तर हरिवंशात आहे. गोव्यात हे टिकले कसे, याचे उत्तर बहुतेक लोक राजकारणात शोधतात, आणि ते खोटे नाही. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. १५६०मध्ये इन्क्विझिशन आले. त्याच्या १७३६च्या फर्मानाने नवख्रिस्ती कुटुंबांना घरापुढे तुळस ठेवण्याचीसुद्धा बंदी केली. आमची सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली ती १७८१-८२च्या सुमारास. फोंडा त्याआधी १७६३ला, पेडणे नंतर १७८८ला. तोवर त्यांचा धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या मुलखातल्या लोकांचे धर्म-रिवाज राखण्याची हमी त्यांनी दिली होती.

पण मला वाटते, नुसत्या हमीने कुठलाही सण चालत नाही. नांगराला बैल लागत, शेताला शेण लागे, घरी दूध लागे, म्हणून पाडवा होता. आमच्या काकांनी पॉवर टिलर घेतला, तेव्हा बैलजोडी गेली. राखणो मिळेना, तेव्हा गायी कमी झाल्या. शेवटची गाय २०१४ साली विकली. पांढरीशुभ्र होती. गोव्यातल्या अशा गायींना आता ‘श्वेतकपिला’ म्हणून स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आहे. आम्ही तिला नुसती ‘धवळी’ म्हणत होतो. गोठ्यात आता काकांची स्कूटर असते.

गेल्या वर्षी पाडव्याला आईने सवयीने पोळे केले. माझी धाकटी दारात उभी राहून म्हणाली, "आजी, गोरवां नात तर हे पोळे कोणाक?"

आई काही बोलली नाही. पोरीने दोऱ्यात पोळे ओवले, झेंडू ओवले आणि माळ मोतीच्या गळ्यात घातली. काकी चिडल्या, "सुण्याक कोण पुजता गो?" मी त्यांना सांगितले की नेपाळात दिवाळीच्या दिवसांतच कुत्र्याला हार घालून टिळा लावतात. त्यांना ते पटले नाही. तेवढ्यात मोती अंगणातून सुटला, मुले मागे, आणि गळ्यातला एक पोळा त्याने स्वतःच मान वाकडी करून खाल्ला.

त्या दिवशी धेंडलो आला तो संध्याकाळी. तीनच पोरे होती, त्यातला एक आमच्या मुलाच्या वयाचा. आईने त्यांना नारळ दिला आणि विचारले, "तुमगेर गोरवां आसात?"

"एक पाडी आसा," तो म्हणाला.

आईने उरलेले पोळे केळीच्या पानात बांधून त्याच्या हातात दिले.