पायथनमधला क्लास आणि इन्स्टन्स म्हणजे काय? सातबाऱ्यावरून समजून घ्या

पायथन शिकायला घेतलेला विद्यार्थी व्हेरिएबल, लूप, फंक्शन इथपर्यंत बहुधा बिनधास्त येतो आणि क्लासपाशी अडतो. पुस्तकांत तिथे कुत्रा, मांजर, कार अशी उदाहरणे असतात. ती चूक नाहीत, पण महाराष्ट्रात याहून नेमके उदाहरण घरातल्या कागदांच्या पिशवीतच सापडते. ते म्हणजे सातबारा.

नमुना एक, उतारे अनेक

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे आणि क्षेत्र किती ते असते, बारामध्ये पिकांची नोंद. कोरा नमुना राज्यभर एकच. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीकाठी वलगाव लागते. तिथल्या शेताचा उतारा आणि कोल्हापूरकडच्या शेताचा उतारा यांचे रकाने सारखे, मजकूर वेगळा. कोऱ्या नमुन्यावर मात्र कोणाचीच मालकी नसते आणि तो दाखवून बँकेत पीककर्जही मिळत नाही.

पायथनमध्ये या कोऱ्या नमुन्याला क्लास म्हणतात आणि भरलेल्या प्रत्येक उताऱ्याला इन्स्टन्स. इन्स्टन्सलाच ऑब्जेक्ट असेही म्हणतात. ही कल्पना पायथनची स्वतःची नाही. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत ती आधी आली. पायथन लोकांसमोर आली १९९१ मध्ये.

इन्स्टन्स तयार कसा होतो?

समजा, ‘सातबारा’ नावाचा क्लास लिहिला आहे. ‘क्लास’ आणि ‘डेफ’ हे राखीव शब्द रोमन अक्षरांतच टंकावे लागतात, पण पायथन ३ मध्ये आपण दिलेली नावे देवनागरीत चालतात. अंक मात्र 1, 2, 3 असेच लागतात. आता वलगावातील दोन काल्पनिक गटांचे उतारे काढू:

जिरायत = सातबारा("212", 1.20, 0.05)
ओलीत = सातबारा("213", 0.80, 0.00)

कंसात गट क्रमांक, हेक्टरमधले एकूण क्षेत्र आणि पोटखराबा दिला आहे. कंस येताच पायथन नवा इन्स्टन्स तयार करते आणि क्लासमधले ‘इनिट’ नावाचे फंक्शन चालवते. त्याच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असतात. आलेली माहिती योग्य रकान्यात भरणे हे त्याचे काम, म्हणजे तलाठ्याने नोंद घेण्यासारखेच.

कंस विसरून नुसते जिरायत = सातबारा लिहिले, तर पायथन तक्रार करत नाही. पण उतारा तयार होत नाही, कोऱ्या नमुन्यालाच ‘जिरायत’ हे दुसरे नाव मिळते. चूक पुढे कुठेतरी उघडी पडते आणि नवशिके तासभर भलत्याच ओळीत ती शोधत बसतात.

‘सेल्फ’चे कोडे

भरलेली माहिती वाचायला टिंब वापरतात. जिरायत.क्षेत्र म्हटले की 1.2 मिळते, ओलीत.क्षेत्र म्हटले की 0.8. क्लासमध्ये लिहिलेल्या फंक्शनला मेथड म्हणतात. एकूण क्षेत्रातून पोटखराबा वजा करणारी मेथड अशी बोलवायची:

जिरायत.लागवडीयोग्य()

उत्तर 1.15. कंस रिकामा आहे, मग कोणत्या गटाचे क्षेत्र मोजायचे हे मेथडला कसे कळले? टिंबाच्या डावीकडचा इन्स्टन्स पायथन स्वतःहून मेथडच्या पहिल्या जागी पाठवते. त्या पहिल्या जागेला ‘सेल्फ’ म्हणायचा रिवाज आहे. हा राखीव शब्द नाही. त्याऐवजी ‘हा’ लिहिले तरी प्रोग्राम चालेल, फक्त दुसरा प्रोग्रामर वाचताना वैतागेल. मेथड लिहिताना मात्र ही पहिली जागा ठेवायलाच हवी. ती विसरली, तर मेथड बोलवताना टाइप-एररचा संदेश येतो.

एकाची तूर सगळ्यांच्या उताऱ्यावर

खरी गफलत होते ती इथे. क्लासच्या अंगातच, कोणत्याही मेथडबाहेर, तालुका = "अमरावती" लिहिले तर ते सगळ्या इन्स्टन्सना सामाईक असते. ते सोयीचेच आहे. पण त्याच जागी पिके = [] अशी रिकामी यादी ठेवली, तर ती यादीसुद्धा एकच राहते. जिरायतच्या पिकांत अपेंड करून तूर टाकली की ओलीतच्या पिकांतही तूर दिसते, कारण दोघे एकाच यादीकडे बोट दाखवत असतात. प्रोग्राम थांबत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही.

प्रत्यक्षात असे झाले तर काय होईल, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला समजवावे लागत नाही. हमीभाव केंद्रावर तुरीची नोंदणी करताना सातबाऱ्यावरची पीकनोंद पाहतात. ती चुकली की माल घरात आणि भाव व्यापाऱ्याच्या हातात. उपाय अगदी लहान आहे: यादी ‘इनिट’मध्ये, सेल्फच्या नावाने तयार करायची. मग प्रत्येक उताऱ्याला स्वतःची यादी मिळते.

स्पेलिंगची चूकही अशीच गुपचूप राहते. जिरायत.क्षेत्र ऐवजी जिरायत.शेत्र = 1.10 लिहिले, तर पायथन ‘शेत्र’ नावाचा नवा रकाना उघडून मोकळे होते आणि जुने क्षेत्र तसेच राहते. महसूल खात्यात थेट खाडाखोड चालत नाही. गाव नमुना सहामध्ये फेरफार घ्यावा लागतो. प्रोग्राममध्येही क्षेत्र बदलण्यासाठी ‘फेरफार’ नावाची मेथड ठेवली आणि तिच्यात तपासणी घातली, तर अशा बऱ्याच चुका टळतात.

प्रत की तोच उतारा?

नवा = जिरायत असे लिहिल्याने झेरॉक्स निघत नाही. उतारा एकच, नावे दोन. नवा.क्षेत्र बदलले की जिरायत.क्षेत्रही बदलते. वेगळी प्रत हवी असेल तर पायथनचे ‘कॉपी’ मॉड्यूल आहे. त्यातही साधी कॉपी आतली पिकांची यादी सामाईकच ठेवते, ती वेगळी करायला ‘डीपकॉपी’ लागते.

याच्या उलट, कंसात हुबेहूब तीच माहिती देऊन दोन इन्स्टन्स तयार केले आणि दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तपासले, तर उत्तर ‘फॉल्स’ येते. समानता कशावरून ठरवायची हे आपण क्लासमध्ये ‘इक्यू’ ही मेथड लिहून सांगितले नाही, तर पायथन फक्त दोन्ही नावांमागचा इन्स्टन्स एकच आहे का, एवढेच बघते.