कूट-अल-अमाराचा वेढा आणि आरंभीचे हवाई युद्ध

कूट-अल-अमारा : इराकमधील टायग्रिस नदीच्या वळणावर, बगदादच्या आग्नेयेस सुमारे १६० किमी.वर असलेले गाव. पहिल्या महायुद्धात ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्की सैन्याने येथे ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढून धरले आणि अखेर शरण आणले. कोंडलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन, सेनापती जनरल चार्ल्स टाउनशेंड. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणी तिच्यात होत्या. या पलटणींतील कोकणच्या आणि देशावरच्या शिपायांवर कूटमध्ये शत्रूच्या विमानांनी बाँब टाकले, आणि थोड्याच आठवड्यांनी स्वतःच्या विमानांनी त्यांच्यासाठी पिठाची पोती टाकली. लष्करी इतिहासात कूटची नोंद बहुधा हवाई रसदीचा पहिला प्रयोग म्हणून होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. कूटमध्ये बाँब आणि पोते दोन्ही एकाच कारणाने निष्प्रभ ठरले. त्या काळच्या विमानाला ओझे पेलत नव्हते. विमान डोळ्याचे काम करू शकत होते, हाताचे नाही. हे बाजूला ठेवले तर आरंभीच्या हवाई युद्धाविषयी भलताच समज होतो.

आकाशातून बाँब टाकण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. १८९९ च्या हेग परिषदेने फुग्यांतून स्फोटके टाकण्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. १९०७ मध्ये ती पुढे चालू ठेवण्याचे ठरले, पण जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांनी त्यावर सही केली नाही. १ नोव्हेंबर १९११ रोजी ज्युलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने लिबियात ऐन झारा येथील तुर्की-अरब तळावर हाताने छोटे बाँब टाकले. पुढच्या वर्षी इटलीने त्याच युद्धात वायुजहाजेही वापरली. म्हणजे विमानातून बाँब झेलणारी पहिली फौज तुर्कांची, आणि चार वर्षांनी कूटवर बाँब टाकणारेही तुर्कच, फक्त मदतीला जर्मन विमाने व वैमानिक. युरोपात ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन झेपेलिन वायुजहाजांनी लिएज आणि अँटवर्पवर बाँब टाकले. जानेवारी १९१५ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आणि ३१ मे १९१५ च्या रात्री लंडनवर ती पोहोचली. संपूर्ण युद्धात वायुजहाजांच्या ५१ हल्ल्यांत ब्रिटनमध्ये ५५७ माणसे मेली. १९१५ मधले झेपेलिन सुमारे दोन टन बाँब नेऊ शकत असे. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) ब्रिटिश बी.ई.२सी. विमानाला दीडशे पौंड, म्हणजे ६८ किलो, नेतानाही दम लागे. पुढचे सगळे या फरकावर उभे आहे.

मेसोपोटेमियात विमाने आली तीच हिंदुस्थान सरकारच्या विनंतीवरून. ऑस्ट्रेलियाने हेन्री पीटर यांच्या नेतृत्वाखाली एक छोटी तुकडी पाठवली. ती मुंबईमार्गे मे १९१५ मध्ये बसऱ्याला पोहोचली. तिच्याकडे मोरिस फार्मान जातीची जुनी, मंद विमाने होती, आणि उन्हाळ्यातल्या वाऱ्यासमोर ती कधी कधी जागच्या जागी तरंगल्यासारखी दिसत. तरीही या विमानांनी जे काम नीट केले ते टेहळणीचे. नकाशे नसलेल्या, पुराच्या पाण्याने रोज रूप बदलणाऱ्या प्रदेशात वरून पाहणे ही मोठीच गोष्ट होती. डोळ्याचे मोल किती, हे तो मिटला तेव्हा कळले. बगदादच्या वाटेवरच्या टेसिफॉनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९१५ रोजी, मेजर रायली यांनी तुर्कांची नवी कुमक पाहून तिची जागा नकाशावर टिपली. परतताना त्यांचे विमान पडले, ते पकडले गेले आणि नकाशा तुर्कांच्या हाती लागला. टाउनशेंड यांना ती बातमी मिळालीच नाही. लढाईत पुणे डिव्हिजनचा जवळजवळ तिसरा हिस्सा कामी आला किंवा जखमी झाला, आणि उरलेली फौज मागे हटत ३ डिसेंबरला कूटमध्ये शिरली. बातमी पोहोचली असती तर टाउनशेंड थांबले असते असे ठामपणे म्हणता येत नाही. पण एका विमानाच्या नुकसानीला इतके वजन पुढच्या पाच महिन्यांत पुन्हा आले नाही.

वेढ्यात फेब्रुवारी १९१६ पासून तुर्की बाजूची विमाने कूटवर बाँब टाकू लागली. मार्चमध्ये एक बाँब रुग्णालयावर पडून आत पडलेले रुग्ण मेले. गाव तटबंदीत लढणारे होते, त्यामुळे त्यावरचा मारा हेग नियमांत बसत होता. रुग्णालय मात्र त्या नियमांनी राखलेले होते. या बाँबफेकीने माणसे धास्तावली, पण वेढ्याचे पारडे हलले नाही. कूट पडले ते उपाशी राहून. हिंदी शिपाई बराच काळ घोड्याचे मांस खायला तयार नव्हते. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची परवानगी तारेने मागवली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी ते नाकारले. ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून स्कर्व्ही पसरली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात या नकाराला अंधश्रद्धा म्हणून झिडकारलेले आढळते. घरी परतल्यावर पंगतीत कोण बसू देईल, हा प्रश्न शिपायासमोर किती खरा होता याचा विचार त्यांत क्वचितच दिसतो.

१५ एप्रिलपासून हवाई रसद सुरू झाली. बी.ई.२सी. विमानाच्या खालच्या पंखांवर धडाला लागून पन्नास पौंडांची दोन पोती आणि चाकांच्या सांगाड्याला पंचवीस पौंडांची दोन पोती बांधत. नौदलाची पाण्यावरून उडणारी विमाने थोडे जास्त नेत. गावात सापडलेले धान्य दळण्यासाठी जात्याचे दगड छत्रीने उतरवण्यात आले. काही पोती टायग्रिसमध्ये पडली, काही थेट तुर्कांच्या खंदकांत. सुमारे १४० फेऱ्यांत १९,००० पौंडांच्या आसपास सामान टाकले गेले, त्यांपैकी १६,८०० पौंड अन्न होते. हिशेब करू. शरण आलेली माणसे, नोकरचाकर धरून, १३,००० च्या घरात. पंधरा दिवसांत माणशी सव्वा पौंडाहून थोडे अधिक, म्हणजे रोजचे जेमतेम ४० ग्रॅम. आणि यात गावातले अरब रहिवासी धरलेलेच नाहीत. फौजेला किमान तग धरायला रोज ५,००० पौंड लागतील असा अंदाज होता. त्यासाठी रोज पस्तीसहून अधिक फेऱ्या हव्या होत्या. झाल्या सरासरी नऊ. शिवाय तुर्कांकडे जर्मन बनावटीची लढाऊ फोकर विमाने आली होती, आणि २६ एप्रिलला त्यांनी पोती नेणारे नौदलाचे एक विमान पाडले.

यावर आक्षेप असा की थोडे का होईना, अन्न पोहोचले आणि शरणागती काही दिवस लांबली. हे खरे आहे. ५,००० पौंडांच्या मापाने पाहिले तर सारी रसद साडेतीन दिवसांची भरते. पण त्याच सुमारास नदीने काय येऊ शकत होते ते शेजारी ठेवावे लागते. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन सामान घेऊन कूटकडे निघाली. मगासीसजवळ नदीत आडव्या ताणलेल्या तारेत अडकून ती तुर्कांच्या हाती पडली; तिच्यावरचे फर्मन आणि काउली यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या एका बोटीत पंधरा दिवसांच्या हवाई रसदीच्या तीसपटींहून अधिक माल होता. खरा तुटवडा नदीच्या बोटींचा होता. मेसोपोटेमिया चौकशी आयोगाने १९१७ मध्ये नेमका हाच ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. न पाठवलेल्या बोटींची भरपाई दीडशे पौंडांच्या विमानांनी करण्याचा तो खटाटोप होता. वैमानिकांचे धाडस त्याने उणे होत नाही, पण पुढच्या काळातल्या मोठ्या हवाई रसद मोहिमांची गंगोत्री म्हणून कूटचा गौरव करणे म्हणजे सरकारी हलगर्जीला पराक्रमाचा अंगरखा चढवणे होय.

वेढ्याला पूर्वी दोनच वाटा असत, जमीन आणि पाणी. आज नायगाव आणि भाईंदर यांच्यामधून जाणारी वसईची खाडी १७३९ मध्ये याचीच साक्ष होती : चिमाजी अप्पांच्या फौजेने वर्सोवा आणि धारावी घेऊन किल्ल्याभोवतीचा फास आवळला, मग सुरुंगांनी तट फोडला आणि मे महिन्यात वसई पडली. कूटमध्ये तिसरी वाट उघडली असे म्हणतात. ती उघडली, पण तिच्यावरून गाडाभर माल जाईना.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : विमान दुबळे असेल, पण वायुजहाज होते, ते वापरले असते तर? ब्रिटिशांकडे तेव्हा पाणबुड्या शोधणारी लहान, मऊ कवचाची वायुजहाजे होती. दूरच्या मोहिमेला योग्य असे काही नव्हते. जर्मनांकडे होते, आणि त्यांनी हा प्रयोग पुढे करूनही पाहिला. २१ नोव्हेंबर १९१७ रोजी एल-५९ हे २२६ मीटर लांबीचे झेपेलिन बल्गेरियातील यांबोलहून निघाले. पूर्व आफ्रिकेत कोंडल्या गेलेल्या लेटो-व्होर्बेक यांच्या फौजेसाठी त्यात सुमारे १५ टन दारूगोळा आणि औषधे होती. ते परत येणार नव्हते. उतरल्यावर त्याचे कापड आणि सांगाडाही वापरायचा होता. खार्टूमच्या पश्चिमेला बिनतारी हुकूम आल्यावर कप्तान बोकहोल्ट यांनी ते वळवले. ९५ तासांत ६,७५७ किमी. उडून ते सुखरूप परतले. वजनाचा प्रश्न वायुजहाजाने सोडवला होता, यात शंका नाही. मात्र वाळवंटात दिवसाच्या उन्हाने वायू फुगून बाहेर सोडावा लागला आणि रात्रीच्या गारव्यात जहाज खाली खेचले गेले. कूटभोवती तर तुर्कांच्या तोफा आणि फोकर विमाने होती. हायड्रोजनने भरलेले एवढे मोठे धूड सावकाश उतरवून धान्य खाली करणे तिथे शक्य नव्हते. ओझे पेलणारे यान तग धरत नव्हते आणि तग धरणारे यान ओझे पेलत नव्हते. एल-५९ नंतर बाँबफेकीला जुंपले गेले. मार्च १९१८ मध्ये त्याने नेपल्सवर मारा केला आणि ७ एप्रिलला माल्टाकडे जाताना ओट्रांटोच्या सामुद्रधुनीवर ते पेटून सगळ्या माणसांसह नष्ट झाले.

कूटला सोडवण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली. शरणागतीनंतरच्या कैदेत ब्रिटिश शिपायांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मेले. मराठा पलटणींचे शिपाईही वाळवंटातून चालवले गेले, रेल्वेच्या कामाला लावले गेले. फेब्रुवारी १९१७ मध्ये ब्रिटिशांनी गाव परत घेतले. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, ११० आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिली, तिसरी आणि पाचवी (रॉयल) बटालियन झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून इराकचा बंदोबस्त रॉयल एअर फोर्सकडे सोपवण्यात आला. कूटवर पोती टाकणारे ३० वे स्क्वाड्रन तिथेच होते. गावांवर बाँब टाकण्याचे काम आता विमानांना जमू लागले. विमाने सुधारली होती हे त्याचे एक कारण. दुसरे, अधिक मोठे कारण असे की समोरच्या टोळ्यांकडे ना फोकर होती, ना विमानावर रोखता येतील अशा तोफा.