परसद्याचं मैदान, मार्च २०२१

नागपूर ते रायपूर हा रस्ता साधारण तीनशे किलोमीटरचा. १५ ते २१ मार्च २०२१ या आठवड्यात त्याच्या एका टोकाला टाळेबंदी होती. नागपूर शहरात अत्यावश्यक सेवा सोडून सगळं बंद. त्याआधी फेब्रुवारीत अमरावती बंद झाली होती, विदर्भात दुसरी लाट येऊन धडकली होती. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नवा रायपूरमधल्या परसदा गावाजवळच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर मात्र रोज संध्याकाळी दिवे लागत होते. १७ मार्चला तिथे उपांत्य सामना झाला आणि सचिन तेंडुलकरने ६५ धावा केल्या. नागपूरच्या टाळेबंदीचा ठरलेला शेवटचा दिवस २१ मार्च, आणि परसद्याच्या अंतिम सामन्याची तारीखही तीच.

ही स्पर्धा मुळात रायपूरची नव्हती. ‘रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज’ या नावाने निवृत्त खेळाडूंचे टी-ट्वेंटी सामने भरवायचे आणि त्यातून रस्ता सुरक्षेचा प्रचार करायचा, ही कल्पना मुंबई-ठाण्याकडची. ठाण्याच्या आरटीओतले अधिकारी रवी गायकवाड तिच्यामागे होते, सुनील गावसकर स्पर्धेचे आयुक्त होते. ७ मार्च २०२० रोजी वानखेडेवर पहिला सामना झाला. सेहवागने नाबाद ७४ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडिजला हरवलं. त्यानंतर वानखेडेवर आणखी एक, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन, असे चार सामने झाले. पुढचे काही पुण्याजवळ गहुंजेला व्हायचे होते. १२ मार्चला स्पर्धा थांबवण्यात आली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला.

वर्षभराने उरलेले सामने भरवायचं ठरलं तेव्हा जागा मिळाली छत्तीसगडमध्ये. ऑस्ट्रेलियाचा संघ प्रवासाच्या निर्बंधांमुळे आला नाही, इंग्लंड आणि बांगलादेशाचे संघ नव्याने घेतले गेले. पाच मार्चला पहिला चेंडू पडला.

रायपूरकरांची बाजू समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं. परसद्याचं स्टेडियम २००८ मध्ये उभं राहिलं. साठ हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं मोठं, पण शहरापासून दूर, माळरानावर. त्याला नाव दिलं ते सोनाखानच्या जमीनदाराचं. १८५६ च्या दुष्काळात वीर नारायण सिंहांनी सावकाराचं कोठार फोडून लोकांना धान्य वाटलं आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली. नाव मोठं, मैदान मोठं, पण खेळ कुठे होता? २०१३ मध्ये आयपीएलचे दोन सामने आले, तेही दिल्लीच्या संघाचे ‘घरचे’ सामने म्हणून. छत्तीसगडचा स्वतःचा रणजी संघ उतरला २०१६-१७ च्या हंगामात. भारताचा एकही आंतरराष्ट्रीय सामना मार्च २०२१ पर्यंत तिथे झालेला नव्हता. सचिन, सेहवाग, युवराज, लारा हे सगळे इथल्या पिढीने दूरचित्रवाणीवर पाहिलेले. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी माणसं आहेत. तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या आसपासच्या मराठी घरांनाही आपला सचिन याच मैदानावर, या वयात का होईना, पहिल्यांदाच मिळत होता. मुंबईकराला वानखेडे हातचं असतं, त्यामुळे या भुकेची त्याला फारशी कल्पना येत नाही. महामारीने मुंबईकडून काढून घेतलेली वस्तू रायपूरच्या पदरात पडली होती. ती नको म्हणणं सोपं नव्हतं.

अभनपूरकडून पाहिलं तर चित्र आणखी दाट होतं. रायपूरहून धमतरी-जगदलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव. एके काळी रायपूर-धमतरी नॅरोगेज गाडीचा राजिमचा फाटा इथेच फुटायचा. नवा रायपूरची वस्ती ज्या गावांच्या जमिनीवर उभी राहिली ती आरंग आणि अभनपूर या तालुक्यांतली, त्यामुळे परसद्याचं मैदान अभनपूरकरांच्या अगदी शेजारचं. आणि त्या मार्चमध्ये याच परिसरातून आणखी एक गर्दी वाहत होती. महानदीच्या संगमावरचा राजिमचा माघी पुन्नी मेळा २७ फेब्रुवारीच्या माघी पौर्णिमेला सुरू झाला आणि ११ मार्चच्या महाशिवरात्रीला संपला. म्हणजे जवळपास आठवडाभर मेळा आणि क्रिकेट बरोबरच चाललं. पुढे सगळा राग क्रिकेटवर निघाला, तेव्हा मेळ्याची आठवण थोड्यांनाच झाली. धार्मिक गर्दीला प्रश्न विचारायला जीभ जड होते, हा आपल्याकडचा जुना अनुभव.

सामने मात्र रंगले, हे मान्य करायला हवं. पहिल्याच रात्री बांगलादेश ११० च्या आत गुंडाळला गेला आणि सेहवागने ३५ चेंडूंत नाबाद ८० धावा करून सामना दहा गडी राखून जिंकून दिला. पीटरसनच्या ७५ धावांमुळे इंग्लंडने भारताला सहा धावांनी हरवलं. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनच्या ६० धावा झाल्या आणि युवराजने एका षटकात चार षटकार मारले. निवृत्त माणसांचा खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही पाहत बसावं लागेल असा हा प्रकार होता. मास्क सक्तीचा होता. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या स्टँडमध्ये तो पुष्कळांच्या हनुवटीवर होता.

त्याच पंधरवड्यात अहमदाबादेत भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी मालिका चालू होती. १२ आणि १४ मार्चचे सामने प्रेक्षकांसमोर झाले, रुग्ण वाढताच १६ मार्चपासूनचे तीन रिकाम्या मैदानात खेळवले गेले. पुण्याजवळ गहुंजेला २३, २६ आणि २८ मार्चला झालेले एकदिवसीय सामने तर पहिल्यापासूनच बंद दारांआड होते. तेव्हा अंगावर तिरंगा रंगवून फिरणारा सचिनचा प्रसिद्ध चाहता सुधीर कुमार गहुंजेच्या स्टेडियमजवळच्या टेकडीवर चढला आणि झेंडा फडकवत तिथूनच सामना पाहत राहिला. बंदी पाळूनही चाहतेपण टिकवता येतं, हे त्याने एकट्याने दाखवलं. अर्थात साठ हजार माणसांना पुरेल एवढी टेकडी कुठे नसते.

अहमदाबादने दोन सामन्यांनंतर जे केलं ते रायपूरने शेवटपर्यंत केलं नाही. २१ मार्चच्या रात्री भारताने १८१ धावा केल्या. युसुफ पठाण नाबाद ६२, युवराज ६०. श्रीलंका १४ धावांनी कमी पडली. सहा दिवसांनी, २७ मार्चला, सचिनने स्वतःला कोविड झाल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी युसुफनेही. मग बद्रीनाथ, मग इरफान पठाण. एप्रिलच्या आरंभी सचिन काही दिवस रुग्णालयात होता, त्याची बातमी देशभर झाली.

रायपूर ९ एप्रिलच्या संध्याकाळपासून बंद झालं आणि ती टाळेबंदी वाढत वाढत मे महिन्यात गेली. शहरातल्या डॉ. आंबेडकर रुग्णालयाच्या शवागारात प्रेतं ठेवायला जागा उरली नव्हती. बुढापाऱ्यातलं बलबीर सिंह जुनेजा इनडोअर स्टेडियम कोविड रुग्णांच्या खाटांनी भरलं. एप्रिलच्या उत्तरार्धात राज्यात एका दिवसात १७ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. ही लाट स्पर्धेनेच आणली, असं विरोधकांनी म्हटलं आणि सरकारने ते नाकारलं.

मला हा वाद अशा स्वरूपात निरुपयोगी वाटतो. दुर्ग जिल्हा रायपूरच्याही तीन दिवस आधी बंद झाला. विदर्भातून रोज गाड्या येत होत्या, ट्रक येत होते, लग्नं होत होती, मेळा झाला होता. एवढ्या मोठ्या लाटेचं उगमस्थान एका मैदानावर बोट ठेवून दाखवता येत नाही. पण म्हणून मैदान निर्दोष ठरत नाही. प्रश्न उगमाचा नसून माहितीचा आहे. १५ मार्चला नागपूर बंद झालं ही बातमी रायपुरात त्याच दिवशी पोहोचली होती. अहमदाबादचे दरवाजे मिटल्याची बातमीही पोहोचली होती. त्यानंतरही उपांत्य आणि अंतिम सामन्यांची दारं उघडी राहिली, ती कळत असूनच.

कायद्याचं बळ कमी होतं, असंही नाही. दोन्ही राज्यांनी वापरला तो १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईघाईने केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्याच्या जोरावर पुण्यात रँडची माणसं घरांत शिरली आणि पुढे चापेकर बंधूंचं प्रकरण घडलं. प्लेगच्या त्याच वर्षांत पाळवणकर बाळू पुणे सोडून मुंबईला गेले आणि पुढे १९०६ मध्ये युरोपियनांना हरवणाऱ्या हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज झाले. साथ माणसांना आणि खेळाला जागेवरून हलवते, हे आपल्याकडे तेव्हापासून घडत आलं आहे. २०२१ मध्ये फक्त एक माणूस न हलता अख्खी स्पर्धाच हलली. तो कायदा सरकारला जवळजवळ काहीही करायची मुभा देतो. मात्र काय करावं आणि केव्हा, हे तो सांगत नाही. तीनशे किलोमीटरवरच्या दोन शहरांत एकाच कायद्याचे दोन अर्थ झाले ते त्यामुळे.

त्याआधीच्या, १९१८ च्या इन्फ्लुएन्झात रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते, आणि हा प्रांत देशात सर्वाधिक फटका बसलेल्यांपैकी एक होता. त्या साथीचं चाहत्यांशी निगडित असं एक छायाचित्र जगभर ओळखीचं आहे, पण ते इथलं नाही. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेक या कॉलेजच्या फुटबॉल सामन्याचं. ओळीने बसलेले प्रेक्षक, डोक्याला हॅट आणि तोंडाला मास्क. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ‘बिग टेन’ या विद्यापीठ-गटाने फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि चाहत्यांच्या, खेळाडूंच्या रेट्यापुढे महिनाभरात निर्णय फिरवला. त्या वर्षात हे जुनं छायाचित्र पुन्हा पुन्हा छापलं गेलं. त्यात कोण जिंकलं ते दिसत नाही, दिसतात ते बघे.

परसद्याच्या नोंदी याच्या अगदी उलट आहेत. धावफलक पूर्ण आहे, षटकार मोजलेले आहेत. बाधित झालेल्या चार खेळाडूंची नावं तारखांसकट उपलब्ध आहेत, कारण ती त्यांनी स्वतः जाहीर केली. स्टँडमधून अभनपूरला, आरंगला, धमतरीला, भिलाईला परत गेलेल्या माणसांचा उल्लेख मात्र ‘प्रचंड प्रतिसाद’ या दोन शब्दांत आटोपतो. त्यांच्यातलं कोण पुढच्या महिन्यात ऑक्सिजनच्या रांगेत होतं, हे त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. ते चाहते बेफिकीर होते, असं मी म्हणणार नाही. सरकारने दार उघडलं, तिकीट विकलं, दिवे लावले. एवढं झाल्यावर सामना सुरक्षित आहे असा अर्थ सामान्य माणसाने काढला, तर तो चूक कसा?

ऑक्टोबर २०२२ च्या पहिल्या तारखेला याच मैदानावर या स्पर्धेच्या पुढच्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुन्हा भारत आणि श्रीलंका, पुन्हा भारत विजयी, यावेळी ३३ धावांनी, नमन ओझाच्या नाबाद शतकासह. मग २१ जानेवारी २०२३ ला भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना आला, रायपूरचा पहिला आंतरराष्ट्रीय. न्यूझीलंडचा संघ १०८ धावांत बाद झाला, दिवस-रात्रीचा सामना रात्र चढण्याआधीच आटोपला, आणि इतकी वर्षं वाट पाहून आलेले लोक लवकरच घरच्या रस्त्याला लागले.