एरंडेल : स्तनदाहावरील बाह्योपचार

एरंडाच्या बियांपासून निघणारे हे तेल रेचक म्हणून सर्वपरिचित असले, तरी बाळंतिणीचे दूध तटून स्तन लाल, तप्त व ठणकणारा झाला असता बाहेरून लावण्याचा घरगुती इलाज म्हणूनही त्याचा महाराष्ट्रात जुना रिवाज आहे. वाडीतल्या जाणत्या म्हातारीचा शब्द आणि महानगरपालिकेच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयातील वैद्यकीय सल्ला ज्या वसई-विरारमध्ये एकाच बाळंतिणीच्या कानी पडू शकतो, तेथे या इलाजाच्या पुराव्याचा प्रश्न केवळ पंडिती राहत नाही.

एरंडाच्या पानाला तेलाचा हात लावून ते निखाऱ्यावर धरावयाचे, मलूल झाले की सोसवेल इतके ऊन असतानाच गाठीवर ठेवून वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधावयाची, आणि पट्टी सुटल्यावर गाठ बोंडाच्या दिशेने जोराने चोळावयाची, असा हा उपचार होय.

या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत हे आम्ल प्रथम लावताच सूज वाढलेली आणि सतत आठ दिवस लावल्यानंतर ती उतरलेली आढळली. परंतु उंदराच्या पंज्यावरील सूज हा बाळंतिणीच्या स्तनाचा दाखला नव्हे. स्तन दाटण्यावरील उपायांच्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात कोबीच्या गार पानांचा विचार झाला, व त्यांच्याही बाजूचा पुरावा दुबळाच ठरला. स्तनदाहावर एरंडेल गुणकारी आहे असे सिद्ध करणारी माणसांवरील पुरेशी तुलनात्मक चाचणी तर उपलब्धच नाही.

तेलापेक्षा शेकण्याचा व चोळण्याचा भाग अधिक चिंताजनक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. स्तनाचे मांस मृदू असल्याने उपनाह, म्हणजे पोटीस, बांधल्यास स्तन लवकर कुजतो व फुटतो, म्हणून पिकू लागलेल्या स्तनावरही उपनाह करू नये, असा इशारा सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात आहे. परंपरेच्या नावाने ऊन पोटीस बांधणाऱ्यांनी परंपरेतीलच हा आधार विसरावा, ही खेदाची गोष्ट होय. स्तनपानवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ साली काढलेल्या शिफारशींतही जोरकस मर्दन वर्ज्य ठरवून गार शेकाला पसंती दिली आहे, कारण सुजलेल्या ऊतींवर दाब पडला की सूक्ष्म केशवाहिन्यांना इजा होऊन सूज बळावते.

दुखऱ्या बाजूनेही बाळाला नेहमीप्रमाणे पाजीत राहावे. ताप व लाली चोवीस तासांत न ओसरल्यास तेलावर विसंबून मुदत न वाढविता डॉक्टर गाठावा. जंतुसंसर्ग असल्यास, आणि तो बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा असतो, स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी प्रतिजैविके मिळतात, आणि पू धरला असल्यास तो सुईने काढता येतो. बियांतील रिसिन हे विष तेलात उतरत नाही. तथापि तेल रेचक असल्याने, ते लावलेच असेल तर बोंड स्वच्छ धुऊनच बाळाला पदराखाली घ्यावे.