सिव्हिल ३डीमध्ये झटपट काम कसं करायचं? कौंडण्यपूरचं उदाहरण घेऊन समजून घ्या

ऑटोडेस्कचं सिव्हिल ३डी हे रस्ते, कालवे, पाइपलाइन यांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर. ते फार हळू चालतं, अशी तक्रार मला नेहमी ऐकायला मिळते. मग कोणी रॅम वाढवतो, कोणी नवीन ग्राफिक्स कार्ड घेतो. पण माझं मत विचाराल, तर बहुतेक वेळ मशीनमुळे जात नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत ज्या गोष्टी ठरवायच्या, त्या न ठरवल्यामुळे जातो.

उदाहरणासाठी मी आमच्या अमरावती जिल्ह्यातलं, तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर घेतोय. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. डिझाइनवाल्यांसाठी मात्र या गावाची एक वेगळीच गंमत आहे. समजा, गावातून वर्धा नदीच्या काठापर्यंत दोन किलोमीटरचा रस्ता आणि पुढे घाट, असं काम तुमच्याकडे आलंय.

१. सगळ्यात आधी झोन ठरवा

आपल्याकडे सर्व्हे बहुतेक यूटीएम पद्धतीत येतो. यात पृथ्वीचे ६-६ अंशांचे पट्टे पाडलेले असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश हा झोन ४३ आणि ७८ ते ८४ हा झोन ४४. अकोला आणि अमरावती शहर ४३ मध्ये येतात. पण ७८ अंशाची रेषा अमरावतीच्या पूर्वेला साधारण २५ किलोमीटरवरून जाते आणि कौंडण्यपूर त्या रेषेच्या पलीकडे, म्हणजे ४४ मध्ये पडतं! जिल्हा एकच, पण झोन दोन.

त्यामुळे अमरावतीच्या कामाची जुनी फाइल उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं, की झोन ४३ तसाच राहतो आणि सर्व्हेवाला ४४ मधले बिंदू देतो. चित्र सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर लांब जाऊन पडतं. ‘मूव्ह’ करून जागेवर आणू म्हणाल, तर तेही जमत नाही. या भागात दोन्ही झोनच्या ‘उत्तर’ दिशेत सुमारे २ अंशांचा फरक आहे, म्हणजे चित्र सरकवूनही तिरकंच राहणार.

उपाय सोपा आहे. टूलस्पेसच्या सेटिंग्ज टॅबमध्ये ड्रॉइंगच्या नावावर राइट क्लिक करा, ‘एडिट ड्रॉइंग सेटिंग्ज’ उघडा, युनिट मीटर ठेवा आणि झोन निवडा. ४३ साठी ईपीएसजी कोड ३२६४३ आणि ४४ साठी ३२६४४. काम रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं असेल, तर सगळ्यांनी मिळून एकच झोन ठरवा आणि तो लेखी कळवा.

२. बिंदूंची फाइल आधी नुसती वाचा

बिंदू इम्पोर्ट करण्याआधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. कौंडण्यपूरसाठी झोन ४४ मध्ये पूर्वेचा आकडा २ लाखांच्या आसपास आणि उत्तरेचा २३ लाखांच्या आसपास दिसला पाहिजे. पूर्वेचा आकडा ८ लाखांच्या वर दिसला, तर तो सर्व्हे झोन ४३ मधला आहे. २३ लाख आधी आणि २ लाख नंतर असेल, तर क्रम उत्तर-पूर्व आहे. इम्पोर्ट करताना तोच फॉरमॅट निवडा, नाही तर नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटा येईल. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचे दोन दिवस वाचतात.

३. कागदावरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर

झोनच्या कडेला यूटीएमचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा जास्त भरतं. कौंडण्यपूरला झोन ४४ मध्ये हा फरक किलोमीटरमागे साधारण ६० ते ७० सेंटीमीटर येतो. झोन ४३ ओढून तिथपर्यंत नेला, तर ९० सेंटीमीटरच्या आसपास. छोट्या घाटाला याने फारसं बिघडत नाही. पण लांब रस्त्याला किंवा पाइपलाइनला टेपने मोजलेली चेनेज आणि ड्रॉइंगमधली चेनेज जुळत नाही आणि बिलाच्या वेळी वाद होतो. ड्रॉइंग सेटिंग्जमधल्या ‘ट्रान्सफॉर्मेशन’ टॅबमध्ये स्केल फॅक्टर देता येतो. तो वापरा किंवा वापरू नका, पण कोणतं अंतर धरलंय ते शीटवर स्पष्ट लिहा.

४. उंची कशापासून मोजली, ते विचारा

नदीकाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट! डीजीपीएस मूळात लंबगोलापासूनची उंची देतो. पुराची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून दिलेली असते. विदर्भात या दोन्हींत पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. एवढा फरक लगेच नजरेत येतो. पण कोणी अंदाजाने दुरुस्ती केली असेल, तर उरलेली अर्ध्या-एक मीटरची चूक लपून राहते. वर्धेवर वरच्या अंगाला मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरण आहे. विसर्ग वाढला की काठावर पाणी चढतं. अशा ठिकाणी घाटाची आणि रस्त्याची पातळी अर्धा मीटर खाली धरली गेली, तर भोगायचं गावाने. म्हणून पक्क्या बेंचमार्कवरून लेव्हल जोडून घेतल्याशिवाय सरफेस बनवायला बसू नका.

५. सरफेस हलका ठेवा

ड्रोनचे लाखो बिंदू जसेच्या तसे टाकू नका. ‘सिम्प्लिफाय सरफेस’ने कमी करा. काठाची वरची कड, खालची कड, नाला, रस्त्याची धार यांना ब्रेकलाइन द्या. नाही तर त्रिकोण काठ सोडून थेट पात्रात उडी मारतात. बाउंडरी आणि त्रिकोणाच्या बाजूची कमाल लांबी ठरवा. काम सुरू असताना ‘रिबिल्ड ऑटोमॅटिक’ बंद ठेवा आणि सरफेस पक्का झाला की स्नॅपशॉट घ्या.

६. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबू नका

जमिनीचा सरफेस एका ड्रॉइंगमध्ये, अलाइनमेंट आणि प्रोफाइल दुसऱ्यात, शीट तिसऱ्यात ठेवा आणि डेटा शॉर्टकटने जोडा. सरफेस बदलला की बाकी ठिकाणी फक्त ‘सिंक्रोनाइझ’ करायचं. बाहेरून आलेल्या फाइलवर आधी ‘ऑडिट’ आणि ‘पर्ज’ चालवा. पर्जच्या आधी उणे चिन्ह टाइप केलं की ‘रेगअ‍ॅप्स’चा पर्याय मिळतो. तो साचलेला कचरा काढला की फाइल बऱ्याचदा लगेच हलकी होते.

७. कॉरिडॉरची घाई नको

सुरुवातीला सरळ भागात २० मीटर फ्रिक्वेन्सी पुरते. आखणी पक्की झाल्यावर वळणावर ५ मीटर करा. ऑटो रिबिल्ड इथेही बंद.

थोडक्यात लक्षात ठेवा: झोन, बिंदूंचा क्रम, अंतर, उंची. या चार गोष्टी तपासल्याशिवाय पहिली रेष मारू नका. एक मात्र आहे, चुकीच्या झोनवर किंवा चुकीच्या उंचीवरही सॉफ्टवेअर तुम्हाला सुंदर, रंगीत क्रॉस सेक्शन काढून देतं. ते कधीच थांबवत नाही. थांबून तपासायचं आपणच.