ऑक
ऑक : मजकुराच्या फाइलीतील ओळींमधून हवे तेवढेच रकाने वेचून काढण्यासाठी घडवलेली संगणकीय भाषा. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी ती १९७७ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स प्रणालीसाठी तयार केली. आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले.

ऑक फाइल ओळीओळीने वाचते आणि प्रत्येक ओळ आपोआप रकान्यांत तोडते. डॉलर चिन्हापुढे १ लिहिल्यास पहिला रकाना मिळतो, ० लिहिल्यास अख्खी ओळ. ‘एनएफ’ या चलात त्या ओळीतील रकान्यांची संख्या असते, म्हणून डॉलरपुढे ‘एनएफ’ लिहिले की शेवटचा रकाना हाती येतो, मग ओळी कमीजास्त लांबीच्या का असेनात. ही सोय फार चतुर आहे. आज्ञेचे दोन भाग असतात : अट आणि कृती. तिसरा रकाना शंभरहून मोठा असलेल्या ओळींतील नावे छापणे एका ओळीच्या आज्ञेत भागते.

मूळ विभाजक मोकळी जागा किंवा टॅब. तो बदलून स्वल्पविराम करता येतो. मात्र अवतरणचिन्हांतील पत्त्यात स्वल्पविराम आला की रकाने घसरतात. कर्निगन यांच्या २०२३ मधील सुधारित आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र पर्याय दिला आहे.